लेकराचा आकांत कसा सांभाळायचा: नवख्या आईबापांसाठी आणि आजी-आजोबांसाठी

लेकरू भोकाड पसरून जमिनीवर लोळायला लागलं की आपल्याकडं घरातली चार माणसं चार गोष्टी करतात. आजी म्हणते, दे बाई त्याला काय पायजे ते. काका म्हणतो, ठेवून दे एक, गप बसंल. शेजारीण मोबाईल पुढं करते. आणि या सगळ्यांच्या मधोमध उभी असलेली आई लेकरापेक्षा माणसांनाच जास्त घाबरलेली असते. हा लेख तिच्यासाठी आहे. ज्या आजी-आजोबांवर उतारवयात नातवंडं सांभाळायची पाळी आली त्यांच्यासाठी आणि नुकत्याच रुजू झालेल्या अंगणवाडीताई-गुरुजींसाठीही आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. खाली सांगितलेलं घरी चालतं तसं वर्गातही चालतं. सगळ्याच्या मुळाशी गोष्ट एकच: आकांत चालू असताना लेकराला काहीही शिकवता येत नाही. त्या वेळी फक्त सांभाळायचं असतं. शिकवायचं ते आधी तरी, नाहीतर नंतर.

१. आधी बघा, हट्ट आहे की आकांत

हट्ट करणारं लेकरू रडता रडता मधूनच तुमच्याकडं बघून घेतं. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तेही उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन रडतं. हवी ती वस्तू हातात पडली की मिनिटाभरात डोळे कोरडे.

आकांतात गेलेल्या लेकराचं तसं नसतं. लाल वाटी मागितली, लाल वाटी दिली, तर ती भिरकावून देतं. कडेवर घेतलं तर खाली उतरायचंय, खाली ठेवलं तर कडेवर यायचंय. अंग ताठ, मुठी आवळलेल्या, कानाच्या पाळ्या लाल, केस घामानं कपाळाला चिकटलेले आणि नजर कुठंच ठरत नाही. त्याला आता काहीच नको असतं. आतलं जे चाललंय ते थांबायला हवं असतं आणि ते कसं थांबवायचं हे त्याला ठाऊक नसतं.

हट्टाला शांतपणे दिलेला एक ठाम नकार पुरतो. आकांतात नकार काय, होकार काय, दोन्ही पोचत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, हट्टाचा आकांत व्हायला वेळ लागत नाही. उपाशी पोटी अर्धा तास ताणलेला हट्ट आणि त्यावर कुणाचं तरी खेकसणं, एवढं पुरतं.

असं का होतं? राग किंवा भीती वाढली की शरीर पळायच्या नाहीतर भांडायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातापायात जोर येतो. आवर घालणारा, विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मोठ्या माणसांतही अशा वेळी मागं पडतो. लेकरात तर तो अजून घडतच असतो. त्याची वाढ पुरी व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून त्या घडीला समजावणं म्हणजे लाईट गेल्यावर पंख्याचं बटण दाबत बसण्यासारखं आहे.

दीड ते साधारण चार वर्षांच्या वयात असे आकांत होणं हा वाढीचाच भाग आहे. लेकराला खूप काही हवं असतं आणि सांगायला शब्द थोडे असतात. बहुतेक आकांत पाच-दहा मिनिटांत आपोआप ओसरतात. ती पाच-दहा मिनिटं कशी काढायची, एवढाच खरा प्रश्न असतो.

२. पहिला श्वास आपला

लेकराला एकट्यानं शांत होणं अवघड जातं, ते शेजारच्या मोठ्या माणसाच्या आधारानं शांत होतं. तान्हं असताना छातीशी धरलं की गप व्हायचं, तेच अजून चालू असतं. तेव्हा तुमचाच आवाज चढलेला असेल तर पुढचं काहीच जमत नाही.

करायचं ते अगदी साधं आहे. बोलण्याआधी एकदा श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. श्वास बाहेर टाकायला जास्त वेळ दिला की हृदयाचे ठोके खाली येतात. खांदे सैल सोडा. मग खाली बसा. उभं राहून वरून बोलणारं माणूस लेकराला डोंगराएवढं दिसतं.

आणि तुमच्याच्यानं होत नसेल तर? दिवसभर कापूस वेचून आलेल्या, वर चूल, धुणं, टँकरच्या पाण्याची रांग हे सगळं उरकलेल्या बाईनं संध्याकाळी शांतीचा पुतळा व्हावं असं मी तरी म्हणणार नाही. घरात दुसरं कुणी असेल तर सरळ त्याच्या हवाली करा. नसेल तर लेकराला सुरक्षित जागी ठेवून, हाकेच्या अंतरावर, दोन मिनिटं ओसरीवर जाऊन उभं राहा. तोंडावर पाणी मारा आणि परत या. यात काही वावगं नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हे जिवाइतकं महत्त्वाचं आहे: बाळ कितीही रडलं तरी त्याला रागाच्या भरात गदागदा हलवू नका. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

३. बघ्यांना कामाला लावा

भरल्या घरात लेकराच्या आकांतापेक्षा भोवतीची गर्दी जास्त जाळ लावते. प्रत्येक जण वेगळं काहीतरी ओरडत असतो. पण सासूबाईंना ‘तुम्ही मध्ये पडू नका’ म्हटलं की वेगळाच कार्यक्रम सुरू होतो, हे काय मी सांगायला पाहिजे?

त्यापेक्षा काम सांगा. “आई, तुम्ही जरा धाकट्याला घ्या, मी हिला बघते.” “आण्णा, माठातलं तांब्याभर पाणी द्या बरं.” काम मिळालं की मोठ्या माणसांचा मानही राहतो आणि ती चार पावलं लांबही जातात. खरी बोलणी मात्र शांत वेळी, रात्री जेवणं झाल्यावर करायची: “ती रडायला लागली की एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप राहायचं, एवढं ठरवू या का?” आजोबांनी मान डोलावली तर निम्मं काम झालंच.

आठवडी बाजारात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात लेकरू बिथरलं तर तिथल्या तिथं सोडवायच्या भानगडीत पडू नका. उचला आणि बाजूला न्या. देवळाची ओवरी, एसटी स्टँडचा रिकामा कोपरा, उभ्या टेम्पोची सावली, काहीही चालेल. लाऊडस्पीकर, ऊन आणि अनोळखी माणसांचे गालगुच्चे यातून सुटलं की बरीच लेकरं तेवढ्यानंच निवतात.

काहींना दृष्ट काढल्याशिवाय चैन पडत नाही. मीठ-मोहरी ओवाळायची असेल तर खुशाल ओवाळा. आजीच्या हाताला काम मिळतं आणि लेकरालाही आपल्यासाठी कुणीतरी काही करतंय हे दिसतं. फक्त मिरच्यांच्या धुरात त्याला धरू नका. आधीच श्वास लागलेला असतो.

४. बोलणं कमी, आवाज खालचा

“काहून रडायलास? सांग ना! काहून?” हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर लेकराकडं नसतंच. उत्तर देता येत नाही म्हणून ते आणखी चिडतं.

त्याऐवजी जे दिसतंय ते थोडक्यात म्हणा. “लई राग आलाय तुला.” “ताईनं चेंडू घेतला, ते नाही आवडलं.” “भ्या वाटलं व्हय? मी हितंच हाय.” आणि मग गप राहा. वाक्य एक, पुढं शांतता. मनातल्या गोष्टीला नाव मिळालं की तिचा जोर थोडा कमी होतो, आणि हे मोठ्यांनाही लागू आहे. तुमचा अंदाज चुकला तर लेकरूच सांगतं, “राग नाही आला!” बरंच झालं, बोलायला तर लागलं.

घरच्या भाषेत बोला. पुस्तकी मराठीत ‘तुला वाईट वाटते आहे का बाळा’ असं म्हटलं की लेकराला वाटतं पाहुणे आलेत.

काय बोलू नये याची यादी मोठी आहे, पण त्यातली तीन वाक्यं मला फारच खटकतात. पहिलं, बुवा येईल, पोलीस धरून नेईल, डॉक्टर सुई टोचेल. लेकरू गप होतं ते भीतीनं, आणि पुढं खरंच दवाखान्यात न्यायची वेळ आली की दारातच पाय रोवतं. दुसरं, “असं केलंस तर मी तुला टाकून जाईन.” आपल्या भागात, जिथं आईबाप खरोखरच सहा-सहा महिने कामाला लांब जातात, तिथं हे वाक्य लेकरू थट्टेत घेत नाही. तिसरं पोरांसाठीचं, “पोरीवाणी काय रडतो?” याचंच दुसरं टोक पोरींच्या वाट्याला येतं, “पोरीच्या जातीला इतका राग बरा नव्हं.” पोरगा रडू गिळायला शिकतो, पोरगी राग गिळायला शिकते. गिळलेलं पुढं कुठं तरी बाहेर पडतंच, बहुतेक वेळा धाकट्या भावंडावर.

५. अंगातून शांत करा

शब्द पोचत नाहीत तेव्हा शरीर कामाला येतं. यातलं काय चालतं हे प्रत्येक लेकराचं वेगळं असतं, म्हणून दोन-तीन गोष्टी करून बघा आणि ज्या जमल्या त्याच धरून ठेवा.

माझी आवडती गोष्ट कापसाची. सरकी काढलेल्या कापसाचा बोटाच्या पेराएवढा पुंजका घ्यायचा, फरशीच्या एका फटीवर ठेवायचा आणि पालथं झोपून फुंकर मारत दुसऱ्या फटीपर्यंत न्यायचा. जोरात फुंकलं तर पुंजका उडून भलतीकडंच जातो. सावकाश, लांब फुंकर घातली तरच तो सरळ सरकतो. म्हणजे श्वास लांब सोडायचं शिक्षण कापूसच देतो, आपल्याला एक अक्षर बोलावं लागत नाही. वर्गात मी दोन-दोन पोरांच्या शर्यती लावते. मात्र हा खेळ आधी हसतखेळत झालेला असला पाहिजे. पहिल्यांदाच आकांतात पुढं केलात तर कापूस, तुम्ही आणि फरशी, तिघांवरही लाथ बसेल. तीन वर्षांखालच्या लेकराला पुंजका देऊ नका, ते तोंडात घालतात.

थंड पाणी हाही चांगला उपाय आहे. माठातलं पाणी घोट-घोट प्यायला द्यायचं किंवा ओल्या फडक्यानं मान आणि मनगटं पुसायची. तोंडावर एकदम पाणी फेकायचं नाही.

जोराला वाट हवी असेल तर भिंत ढकलायला सांगा. “बघू, भिंत सरकती का?” कणीक तिंबायला द्या. अंगणात पाण्यानं अर्धी भरलेली कळशी इकडून तिकडं न्यायला सांगा. दमट हातांनी चिखलाचे बैल करणारं लेकरू पोळ्याची वाट कशाला बघेल?

जवळ घेण्याबद्दल: काहींना घट्ट मिठी हवी असते, काहींना त्या वेळी अंगाला हातही नको असतो. विचारा, “जवळ येतोस का?” नाही म्हटलं तर हातभर अंतरावर बसून राहा. पाठ फिरवून निघून जाऊ नका.

६. हात उगारला, दगड उचलला तर

इथं मवाळपणा नको. राग येऊ द्या, मारणं नाही. मनगट धरा, आवळू नका, आणि एकच वाक्य म्हणा: “राग आला तर आला, मारू देणार नाही.” भाऊ-बहीण जवळ असेल तर त्याला आधी बाजूला करा. विळी, कोयता, रॉकेलची बाटली, फवारणीचं औषध या वस्तू तशाही लेकरांच्या हाताला लागतील अशा जागी नकोतच.

मारण्याला उत्तर म्हणून तुम्ही मारलंत तर त्यातून लेकरू एकच शिकतं: ज्याचं अंग मोठं त्याचं चालतं. शाळेत तर कायद्यानंच बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही देता येत नाहीत. “गुरुजी, दोन फटके द्या, आमची हरकत नाही,” असं पालक शाळेत येऊन सांगतात, तेव्हा हे त्यांना चहा पाजून समजावून सांगावं लागतं.

ज्या गोष्टीला आधी नाही म्हटलं होतं ती आकांत संपल्यावरही नाहीच. दहा रुपयांच्या कुरकुऱ्यांसाठी रडला आणि शेवटी घेऊन दिलेत, तर पुढच्या वेळी तो आणखी दहा मिनिटं जास्त रडणार. प्रेम पूर्ण द्या, कुरकुरे नाहीत.

७. ओसरल्यावर

हुंदके थांबले म्हणजे आत सगळं शांत झालं असं नाही. शरीर जागेवर यायला आणखी वीस मिनिटं, अर्धा तास जातो. तेवढ्यात पंचायत भरवू नका. काहीतरी खायला द्या, तोंड धुवा, मांडीवर पडू द्या.

मग, बऱ्याचदा रात्री अंथरुणावर, पाच मिनिटं बोला. पाचच. आधी काय झालं ते त्याच्या तोंडून येऊ द्या. अंगात कुठं काय वाटत होतं विचारा. “पोटात गोळा आला होता.” “कानात गरम झालं.” लेकरं हे फार नेमकं सांगतात. पुढच्या वेळी पोटात गोळा आला की येऊन सांगायचं, हे ठरवा. सांगितलं तर लगेच हातातलं काम सोडून ऐका. पहिल्या दोन-चार वेळा नाही ऐकलंत तर ते परत येणार नाही.

राग, भीती, लाज, हिरमोड, हेवा, कंटाळा, एकटं वाटणं, ही सगळी नावं रोजच्या बोलण्यात वापरा. स्वतःबद्दलही वापरा. “टँकर आला नाही म्हणून माझी चिडचिड झालीय, तुझ्यावर नाही रागावले.” एवढं एक वाक्य घरात मोठ्यानं बोललं गेलं की लेकराच्या मनातलं अर्धं ओझं उतरतं. मोठ्यांच्या प्रत्येक रागाचं कारण आपणच, असं त्याला वाटत असतं.

आणि सांडलेलं उचलायला लावा. शिक्षा म्हणून नाही, जोडीनं. फेकलेल्या शेंगा दोघं मिळून गोळा करा. ज्याला चावला त्याला पाणी नेऊन दे म्हणा. लगेच ‘सॉरी’ म्हणायला लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. ते पोपटासारखं येतं आणि तसंच जातं.

८. वही ठेवा

पंधरा दिवस एका वहीत लिहा: किती वाजता झालं, त्याच्या आधी काय झालं, नंतर कुणी काय केलं. तीन रकाने, तीन-चार शब्द. लिहिता येत नसेल तर थोरल्या पोरीला सांगा.

माझ्या वर्गात दुसरीतला एक पोरगा होता. आठवडाभर गुणाचा, आणि एका ठरावीक वारी दुपारच्या खिचडीच्या वेळी ताटच उधळायचा. खिचडीत खोट नव्हती. लिहून ठेवल्यावर दिसलं की तो वार गावच्या बाजाराचा. बाजाराच्या दिवशी त्याचे आईबाप गरम भज्यांचा पुडा घेऊन शाळेवरूनच घरी जायचे. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गेले. बाजार मात्र तसाच भरत होता, भज्यांचा वास पटांगणापर्यंत येत होता. त्या दिवशी त्याला खिचडी वाढायला माझ्याशेजारी उभं करायला लागले. पळी त्याच्या हातात. उधळणं एकदम नाही गेलं, पण कमी होत गेलं.

वहीत सगळ्यात जास्त वेळा सापडतील त्या गोष्टी साध्याच असतात. भूक ही पहिली. शाळेतून आलेल्या लेकराला अभ्यास विचारण्याआधी खायला द्या. शिळ्या भाकरीचा कुस्करा, गूळ-शेंगदाणे, चुरमुऱ्याचा सुशीला, दही-धपाटं, जे असेल ते. झोप दुसरी. तीन ते पाच वर्षांच्या लेकराला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बाराच्या वयात ९ ते १२ तास. घरातली टीव्ही मालिका रात्री दहाला संपत असेल आणि सकाळची शाळा सातला असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

तिसरं ऊन. पारा ४२ च्या वर गेला, लाईट गेली, पत्र्याचं घर तापलं की मोठ्यांचीही डोकी फिरतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते चार लेकराकडून कसलीच अपेक्षा ठेवू नका. ओलं गोणपाट दाराला लावा, ताक द्या, पडून राहू द्या.

आणि मोबाईल. दोन वर्षांखाली अजिबात नको, दोन ते पाचच्या वयात दिवसाला फार तर एक तास, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. रडलं की मोबाईल, ही सवय लागली तर लेकराला स्वतःला सावरायचा सराव कधीच मिळत नाही. काढून घेताना हिसकावू नका. “हे गाणं संपलं की बंद,” असं आधी सांगा आणि गाणं संपल्यावर खरंच बंद करा. खेळ थांबवायचा असो, मामाच्या गावाहून निघायचं असो, आधी कल्पना दिलेली असली की निम्मे आकांत टळतात.

९. आईबाप कारखान्यावर गेले की

हा भाग आमच्याकडचा, आणि शहरातल्या पुस्तकांत तो सापडत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, आमच्याकडं तिलाच ‘कोयता’ म्हणतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन मुकादमाच्या टोळीबरोबर साखर कारखान्याच्या ऊसतोडीला निघते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. मागं राहिलेलं लेकरू आजीजवळ. आजी माया करते, पण तिलाही रात्री लेकीची आठवण येऊन हुंदका येतो, मग दोघं एकमेकांना धरून रडतात. रडू द्या. त्यात काही बिघडत नाही.

बिघडतं ते पळून जाण्यानं. लेकरू झोपेत असताना पहाटे गाडी हलवायची, म्हणजे ते रडणार नाही, असा सर्रास विचार असतो. रडणं टळत नाही, पुढं ढकललं जातं. वर त्यात अविश्वास मिसळतो. मग आजी परसात गेली तरी लेकरू तिच्या पदराला लोंबकळतं, कारण नजरेआड झालेलं माणूस परत येईलच असं नाही, हे त्याला एकदा कळलेलं असतं. म्हणून जाताना सांगून जा. जागं करा, जवळ घ्या, कुठं जातोय, का जातोय, कधी येणार ते सांगा. तारीख लहान लेकराला कळत नाही, सण कळतात. “येळवस (वेळ अमावस्या) होईल, मग संक्रांत, मग शिमगा, आणि पाडव्याला मी घरी.” भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या सणांना खूण करून द्या आणि रोज एक दिवस त्याच्याच हातानं खोडू द्या. मुकादमानं नक्की दिवस सांगितला नसेल तर “शिमग्याला येते” अशी खोटी आशा लावू नका.

आईची वापरलेली, न धुतलेली एक साडी उशाला द्या. वास ओळखीचा असला की झोप लागते. फोनची वेळ ठरवा. उसाच्या फडावर रेंज नसते, फोन चार्ज नसतो, हे खरं, तरी आठवड्यातले दोन ठरलेले वार चुकवू नका. “फोनवर बोललं की जास्त रडतं, म्हणून देतच नाही,” असं आज्या सांगतात. रडतं ते आठवण येते म्हणून, आणि आठवण फोन न दिल्यानं जात नाही. फोनवर आईनं ‘शहाण्यासारखा राहा’ एवढंच म्हणू नये. आज काय खाल्लं, शेळीला पिल्लं झाली का, कुणाशी भांडलास, असं विचारावं.

जी लेकरं बरोबर नेली जातात, त्यांचं वेगळं. कोपीतलं म्हणजे झोपडीतलं राहणं, पहाटेची गाडी, धाकट्याला सांभाळणं, नवं गाव. त्यांच्यासाठी दिवसातली एक गोष्ट तरी रोज त्याच वेळी, त्याच पद्धतीनं होऊ द्या. झोपताना एक गोष्ट किंवा एक ओवी, एवढी ठरलेली जागाही पुरते. परत शाळेत आल्यावर पहिले पंधरा दिवस गुरुजींनी त्यांची परीक्षा घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

थोरल्यांबद्दल थोडंसं. दहावीनंतर पोरगं लातूरला किंवा नांदेडला क्लाससाठी खोली करून राहतं तेव्हा ते लोळण घेत नाही. ते जेवण टाकतं, रात्रभर जागतं, फोनवर “हां, ठीक हाय” एवढंच बोलतं. पहिला प्रश्न टेस्टच्या मार्कांचा विचारू नका. मेसचं जेवण कसं आहे इथून सुरुवात करा. बोलणं तुटक वाटलं तर एसटीत बसा आणि भेटून या.

१०. दवाखाना कधी गाठायचा

काही लेकरं रडता रडता श्वास धरतात. तोंड उघडं, आवाज बंद, ओठ निळे, आणि काही क्षण बेशुद्ध. बघणाऱ्याचं काळीज थांबतं. साधारण सहा महिन्यांपासून पुढं हे दिसतं आणि पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप जातं. अशा वेळी लेकराला कुशीवर निजवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा आणि थांबा. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत श्वास परत येतो. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल-कांदा हुंगवू नका. पहिल्यांदा झालं असेल तर डॉक्टरांना दाखवाच, कारण फिट आणि हे, दोन्ही वरून सारखं दिसू शकतं. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले तर १०८ ला फोन करा.

या श्वास धरण्याचा रक्तातल्या लोहाशी संबंध आढळतो, म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिन तपासायला सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्ताक्षयाची निघाली. आशाताई आठवड्यातून दोनदा द्यायला लोहाचं सिरप देतात, ते फडताळात ठेवून देऊ नका. रक्त कमी असलेलं लेकरू तसंही किरकिरं असतं.

याशिवाय पाच वर्षांनंतरही रोज आकांत होत असतील, एकेक अर्धा-अर्धा तास चालत असेल, लेकरू स्वतःचं डोकं आपटून जखमा करून घेत असेल, शिकलेलं बोलणं मागं जात असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, एखाद्या माणसाचं नाव काढलं की थरथरत असेल, तर वाट बघू नका. मरणाची भाषा कोणत्याही वयाचं पोर करत असेल तर ती नाटक समजू नका. त्याच दिवशी विचारपूस करा, एकटं ठेवू नका, औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात टाका. झोप यावी म्हणून मेडिकलवाल्याकडून कसलंही सिरप आणून पाजू नका.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तेव्हा लेकराला पुढं करा. ते गरजेप्रमाणं जिल्हा रुग्णालयात पाठवतात. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं मानसोपचार आणि बालरोग दोन्ही विभाग आहेत. सकाळी लवकर पोचा, केसपेपरची रांग मोठी असते. वही बरोबर घ्या. शक्य असेल तर एखाद्या आकांताचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, म्हणजे नुसत्या वर्णनापेक्षा त्यांना जास्त कळतं. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मावशी-आत्यांना मात्र पाठवू नका.

घरबसल्या बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस या हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईबाप फोन करू शकतात, आजी करू शकते, लातूरच्या खोलीतलं पोरगंही स्वतः करू शकतं. लेकराला कुणी मारझोड करत असेल, त्याच्याशी वाईट वागत असेल, तर मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८. हा क्रमांक लेकरांनाही पाठ करून द्या.